खोलीत कोण होतं?

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारा राहायचा. मेलेल्या माणसांच्या तोंडचे शब्द खोडायचे, एवढं एकच काम तो करायचा.

काम म्हणजे नोकरी नव्हे. नोकरी त्यानं जन्मभर इथल्या शाळांत मास्तरकीची केली, आणि ती संपूनही बरीच वर्षं झाली होती. बायको फार पूर्वी वारलेली. मुलगी इथं मोठ्या ऑफिसात होती, तिच्या व्हिसावर तो राहायचा, जसा मी आता माझ्या मुलाच्या व्हिसावर राहतो. पुढे मुलगी त्याला घेऊन मायदेशी गेली. तो वारल्याचं तिनं मध्यंतरी फोनवर कळवलं. मी म्हटलं, बरं झालं कळवलंस. त्यापुढं मला इंग्रजी येत नाही, आणि येत असतं तरी मी काही बोललो नसतो.

माणूस वेल्सचा. इंग्लंडला लागून तो डोंगराळ मुलूख आहे, त्यांची भाषा निराळी, हे मला त्याच्यामुळंच कळलं. आमच्या वॉचमननं त्याला एकदा 'इंग्लिश साब' म्हटलं. लिफ्टचं दार बंद होत होतं, म्हाताऱ्यानं पाय घालून ते अडवलं. "मैं इंग्लिश नहीं. इंग्लिश हमारा पड़ोसी. तुमको कोई तुम्हारे पड़ोसी के नाम से बुलाएगा तो?" वॉचमन पेशावरचा. त्याला ते ताबडतोब पटलं. तेव्हापासून तो त्याला नुसतं 'साब' म्हणू लागला.

हिंदी तो ड्रायव्हर आणि शिपायांकडून शिकला होता, म्हणजे आमच्यासारखीच मोडकी. त्यात अरबी मिसळायचा. अल क्वोजला माझं आणि एका भागीदाराचं किचन होतं, लेबर कॅम्पांना आणि ऑफिसांना आम्ही जेवण पुरवायचो. म्हणून मला तो 'मुदीर' म्हणायचा, म्हणजे मॅनेजर. खरा मुदीर माझी बायको होती, हे त्याला दोन दिवसांत कळलं. पण तिला तो 'बहनजी' म्हणायचा. आणि ती त्याला 'पाद्रीबाबा'. तो पाद्री नव्हता, त्याचा बाप पाद्री होता. हे तिला शंभरदा सांगून झालं. ती म्हणायची, "दिसतात तर पाद्रीच."

त्याची पहिली ओळख आम्हाला आवाजानं झाली. दुपारी वरून कुणीतरी भाषण केल्यासारखं बोलायचं. बोलता बोलता आवाज वर चढायचा, मग त्याला सूर लागायचा, आणि शेवटी ते बोलणं आहे की गाणं आहे, ते कळेनासं व्हायचं. शेजारच्या गुजराती बाईनं मॅनेजमेंटकडे तक्रार केली. आमची ही मात्र मेथी निवडता निवडता मान वर करून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "अहो, हे कीर्तन आहे."

"गोऱ्याच्या घरात कुठलं कीर्तन?"

"कुठलं का असेना. आमच्या दहिवडीला बुवा असेच बोलायचे. साधं बोलत बोलत कधी चालीवर गेले ते समजायचं नाही."

आणि खरंच तसं होतं. त्यांच्याकडे जुने पाद्री असाच उपदेश करायचे. हजार माणसं उघड्या माळावर बसायची आणि हा सूर लागला की रडायची. म्हातारा एकेका पाद्रीचं चरित्र लिहायला घ्यायचा, तेव्हा त्याचा उपदेश आधी मोठ्यानं म्हणून बघायचा. म्हणायचा, "तो बोलायचा कसा ते मला घशात कळलं पाहिजे. त्याशिवाय मी लिहीत नाही." बायकोनं कीर्तनाचं सांगितलं तेव्हा त्यानं तिच्याकडून अर्धं कीर्तन म्हणून घेतलं. तिला जेवढं आठवलं तेवढं. मग मॅनेजमेंटकडे आमचीपण तक्रार गेली.

आता त्याचं काम सांगतो. वेल्समध्ये पूर्वी चालच होती म्हणे, पाद्री गेला, कवी गेला, मोठा पंडित गेला की त्याचं चरित्र छापायचं. जाडजूड पुस्तकं. म्हाताऱ्याच्या घरी भिंतभर होती. लहानपणी वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून यानं ती सगळी वाचली. त्याच्या लक्षात आलं की माणसं जन्मली निरनिराळी, जगली निरनिराळी, पण मेली सगळी एकसारखी. सगळ्यांच्या उशाशी गणगोत जमलेलं, सगळे शेवटी एक सुंदर वाक्य बोलतात आणि डोळे मिटतात.

म्हातारा ती चरित्रं नव्यानं, थोडक्यात, त्याच्या भाषेत लिहून काढत होता. आणि शेवटच्या वाक्यापाशी आला की एकच विचारायचा, "कमरे में कौन था?" म्हणजे खोलीत कोण होतं. कुणी ऐकलं, कुणाला सांगितलं, लिहिणाऱ्यापर्यंत ते कसं आलं. त्याचा माग लागला नाही तर लाल पेनानं आडवी रेघ. रेघ मारली की हात झटकायचा आणि म्हणायचा, "खलास."

एक पंडित होता, सात भाषा येणारा आणि स्वतःची चूल पेटवता न येणारा. पुस्तकात लिहिलेलं की मरताना त्यानं देवाचं स्तोत्र मूळ हिब्रू भाषेत म्हटलं. म्हातारा हसून हसून बेजार. "मुदीर, खोलीत फक्त त्याची मोलकरीण होती. तिला हिब्रू येत होती? तो तिकडे शिव्या देत असेल!" रेघ.

दुसरा एक कवी होता, दगडाच्या खाणीत काम करणारा. त्यांच्याकडे कवींची मोठी सभा भरते, आणि पहिल्या आलेल्याला बक्षीस म्हणून लाकडाची भलीमोठी खुर्ची देतात. यानं ती जिंकली. गाडीवर घालून गाजावाजा करत घरी आणली, तर दारातून आत जाईना. आडवी केली, उभी केली. शेवटी गोठ्यात ठेवली, आणि जन्मभर तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. पुस्तकात होतं की मरताना तो डोंगरावरच्या उजेडाबद्दल काहीतरी बोलला. म्हाताऱ्यानं शोधून काढलं की कवीची मुलगी तिच्या म्हातारपणी सांगायची, "बाबांनी विचारलं, कोंबड्या कोंडल्या का." उजेड खोडला, कोंबड्या घातल्या. त्या कवीच्या वंशातल्या कुणाचा तरी तिकडून फोन आला आणि तो माणूस याच्यावर ओरडत राहिला. यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाला, "मुर्गी से शर्म आती है इनको."

पण तो कठोर नव्हता. एखाद्याचं मरण लिहिलं की त्याला खरंच सुतक लागायचं. हे आम्हाला कळलं ते एका घोटाळ्यातून.

एका संध्याकाळी आमची ही काहीतरी द्यायला वर गेली आणि तशीच परत आली. तोंड उतरलेलं. "अहो, पाद्रीबाबांच्या घरात कुणीतरी गेलंय. डोळे लाल झालेत. विचारलं तर म्हणाले, 'वो चला गया.' भाऊबिऊ असेल. एकटेच बसलेत अंधारात."

मग काय, ती कामालाच लागली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात करून नेतात. तिनं पिठलं टाकलं. मला टीव्ही लावू दिला नाही. मुलाचा अबूधाबीहून फोन आला, त्याच्याशीही हळू आवाजात बोलली. आम्ही दोघं पातेली घेऊन वर गेलो. म्हातारा जेवला, चांगला दोनदा घेऊन जेवला. आम्ही आमच्या रीतीप्रमाणे गप्प बसून राहिलो. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पातेली द्यायला तो खाली आला. हिनं विचारलं, "भाई था क्या?"

"नहीं. पादरी था. कवी भी था."

"बीमार था?"

"हाँ, छाती का. दो सौ साल हुआ."

ही त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी मी काल संध्याकाळभर तुमचा टीव्ही बंद ठेवला." आणि मग तिला हसू आवरेना. ओट्याला धरून हसत होती. म्हाताऱ्याला काय झालं ते मी समजावून सांगितलं. तो गंभीर झाला. म्हणाला, "बहनजी, उसके मरने पर किसी ने खाना नहीं भेजा था. अभी आया." आणि थोड्या वेळानं, "अगले महीने एक और मरेगा."

तेव्हापासून नेमच झाला. त्याचा कुणी मेला की आमच्याकडे पिठलं. "आज कोण?" ती विचारायची. तो सांगायचा. डोंगरातल्या मेंढपाळांकडून जुने शब्द गोळा करत पायी फिरणारा पाद्री, शेत नांगरताना ओव्यांसारखी गाणी रचणारा शेतकरी. तिला ती माणसं आपल्या गावचीच वाटायची. त्यांच्या बायकांची चौकशी करायची. पोरंबाळं किती, घरात कोण करायचं. त्याला ठाऊक नसलं की तो वैतागायचा आणि शोधत बसायचा.

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं वाजलं. त्या दिवशी त्यानं कुणाच्या तरी शेवटच्या वाक्यावर रेघ मारली होती आणि मोठ्या आनंदात सांगत होता. ही म्हणाली, "गोड बोलून गेला असं लिहिलं, तर तुमचं काय जातं? मागं राहिलेल्यांना तेवढाच आधार."

"झूठ का आधार?"

"आधार तो आधार है."

तेव्हा त्यानं बापाचं सांगितलं. बाप मेला तेव्हा हा पोरगा एकटाच त्या खोलीत होता. बाप काहीही बोलला नाही. श्वास घेत होता, मग घेईना. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये एकजण उभा राहून म्हणाला की जाताना त्यांनी गावाला आशीर्वाद दिला. सगळे रडले. "मैं छोटा था. मैंने सोचा, मैं बहरा हूँ क्या? कमरे में तो मैं था."

पण आमची ही तशी सोडणारी नव्हती. तिनं विचारलं, "माँ को अच्छा लगा?"

म्हाताऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हाँ. माँ को अच्छा लगा."

"झालं तर मग," ती म्हणाली आणि आत निघून गेली. तो तसाच उठून वर गेला. तीन-चार दिवस आलाच नाही.

ती गेल्याला आता वर्ष होत येईल. हृदयाचं दुखणं. हॉस्पिटलात ठेवली होती, बरी होतेय असं डॉक्टर म्हणत होते. दुपारची वेळ. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. त्यानंतर मशीन वाजायला लागलं, मल्याळी नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. मुलगा अबूधाबीतल्या मुसाफ्फाहच्या साइटवरून निघाला होता, तो वाटेतच होता. त्याचा दोष नाही. त्या रस्त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

मग फोन सुरू झाले. दहिवडीहून, पुण्याहून, कुठून कुठून. मी कुणाशी बोलत नव्हतो, मुलगाच बोलायचा. प्रत्येक जण विचारायचा, "जाताना काही बोलल्या का रे?" पहिल्यांदा तो म्हणाला, "सगळ्यांना सांभाळा, म्हणाली." मी ऐकलं. शेजारीच बसलो होतो. दोन फोनांनंतर तिनं हात जोडले. संध्याकाळपर्यंत तिनं देवाचं नाव घेतलं. मुलगा खोटारडा नाही. त्याच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून तो एकेक काडी जमवत होता, हे मला दिसत होतं. मी त्याला अडवलं नाही.

पण त्यातून भलतंच झालं. मी डोळे मिटले की मला हात जोडलेली एक बाई दिसायला लागली. पांढरी साडी, शांत चेहरा. ती कोण होती कुणास ठाऊक. तिच्यासाठी मला रडूच येईना. माझी बायको मला सापडेना. ती एकदा गेली होती, आणि आता हे सगळे मिळून तिला दुसऱ्यांदा नेत होते.

म्हातारा रोज खाली यायचा. चहा घ्यायचा, बसायचा. मी वाट बघत होतो की हा विचारेल. जगातल्या प्रत्येक मेलेल्याबद्दल विचारणारा माणूस. त्यानं विचारलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी बर दुबईला एका ओळखीच्या माणसाच्या हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. आपली माणसं बरीच आली. किचनमधले लोकही आले. फोटोला हार, बायकांनी भजन म्हटलं. माझा भागीदार बोलला, "वहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा." जिची जीभ तिच्या मसाल्याहून तिखट होती, जिनं या भागीदाराला शिळी कोथिंबीर आणली म्हणून सगळ्या स्टाफसमोर उभा-आडवा झाडला होता, ती बाई त्या हॉलमध्ये कुठेच नव्हती.

मग मुलगा माइकपाशी गेला. म्हणाला, आईनं जाताना हात जोडले, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, सगळ्यांना सांभाळा. बायका डोळे पुसू लागल्या.

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो पहिल्या रांगेत, सुटाबुटात. मराठी त्याला येत नव्हती, पण शेजारी बसलेला कुणीतरी त्याला कानात हिंदीत सांगत होता. मला वाटलं, आता हा उठतोय. सभा असो, देऊळ असो, हा विचारल्याशिवाय राहणार नाही. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. मग त्यानं ते मिटलं. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून ठेवले आणि खाली बघत बसला.

तो गप्प बसलेला मला बघवेना. मी उठलो. माइकपर्यंत गेलो नाही, जागेवरूनच बोललो.

"खोलीत मी होतो," मी म्हटलं. "ती असं काही बोलली नाही."

सून म्हणाली, "बाबा, बसा ना, प्लीज."

"बसतो. आधी सांगतो. ती म्हणाली, 'अहो, तुम्ही घरी जा बघू. इथं बसून नुसते घोरताय, मला झोप लागत नाही.' मी म्हटलं, 'मी कुठं घोरतो?' तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. तुम्हाला माहीत आहे ती कशी बघायची. आणि भिंतीकडे तोंड केलं. बस. एवढंच."

कुणीतरी मागे फुस्सकन हसलं. तो किचनमधला भांडी घासणारा होता. तो तोंडावर हात ठेवून हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. मग भागीदार हसला. मग त्या बायका. सगळ्यांना ते बघणं माहीत होतं. सगळ्यांनी ते कधी ना कधी खाल्लं होतं. आणि मला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. लाज वाटली नाही.

मुलगा माइकपाशी तसाच उभा होता. त्याचा चेहरा मला बघवला नाही.

परतताना त्याच्या गाडीत आम्ही तिघंच. सून मुलांना घेऊन दुसऱ्या गाडीनं पुढे गेली होती. म्हाताऱ्याला आणि मला डिस्कव्हरी गार्डन्सला सोडून मुलगा अबूधाबीत मोहम्मद बिन झायद सिटीला त्याच्या घरी जाणार होता. म्हातारा मागं बसलेला. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मीच मागं वळून विचारलं, "आपने पूछा क्यों नहीं?"

"वो बहस बहनजी जीत गई थी," तो म्हणाला. "उनकी सभा में मैं कैसे पूछता?"

मुलगा समोर रस्त्याकडे बघत होता. म्हणाला, "बाबा, आय नीडेड समथिंग टु टेल पीपल."

"माहीत आहे मला."

"मी वेळेवर पोचलो असतो तर..."

"पोचला असतास तर तुलाही घरी जा म्हणाली असती. गर्दी आवडायची नाही तिला."

तो थोडा हसला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "त्या दिवशी आणखी काय काय बोलली? सकाळपासून?"

असं त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. मी आठवू लागलो. सकाळी तिनं उपमा परत पाठवला होता. नर्सला विचारून तिच्या गावाकडच्या माशाच्या कालवणाची सगळी कृती काढून घेतली होती. मी सांगायला लागलो. डिस्कव्हरी गार्डन्सचा फाटा आला आणि मागं पडला. मुलानं गाडी वळवली नाही. मी बघितलं, त्यानं मुद्दामच वळण सोडलं होतं. समोर सरळ अबूधाबीचा रस्ता.

मागून म्हाताऱ्यानं माझ्या सीटवर हात आपटला.

"मुदीर! हिंदी में बोलो. मुझे भी सुनना है."

मुलगा म्हणाला, "बोला बाबा, हिंदीत बोला. पहिल्यापासून."

मी पाणी प्यालो आणि मोडक्या हिंदीत उपम्यापासून सुरुवात केली.